आनंद नावाचे रसायन

महाशिवरात्र होऊन दोनच दिवस झाले होते. आर्वीचा माझा आतेभाऊ सकाळच्या बसने वर्ध्याला आला. चहा झाला, कापसाच्या भावाच्या गोष्टी झाल्या आणि मग दाराकडे एकदा पाहून त्याने खिशातून करंगळीएवढी बाटली काढली. आत हिरवट-काळे तेल होते. "दादा, दोन थेंब जिभेखाली टाकजा. दुखणं कुठल्या कुठं जाते पाहा. अमेरिकेत डॉक्टर लोकच देतात म्हणे हे."

तेल गांज्याचे होते. मी ते ठेवून घेतले. का ठेवून घेतले, हे ज्याला असे दुखणे आहे त्याला सांगावे लागणार नाही. ज्याला नाही, त्याच्यासाठी हा लेख.

माझे दुखणे स्वादुपिंडाचे. जठराच्या मागे आडवा पडलेला हा जेमतेम वीतभर अवयव. अन्न पचवणारे रस तयार करणे आणि रक्तातली साखर आवरणारे इन्सुलिन सोडणे ही त्याची दोन कामे. त्याला जुनाट सूज आली की चांगल्या पेशींच्या जागी चिवट, निर्जीव धागे वाढू लागतात, नलिका अरुंद होतात, त्यांत खडे धरतात. पुढे अन्न पचेनासे होते, वजन उतरते, मधुमेह मागे लागतो. आणि वेदना! ती बरगड्यांच्या खाली उठते आणि पाठीत आरपार जाते. उशी पोटाशी धरून पुढे वाकून बसले की थोडा उतार पडतो. गेल्या नऊ वर्षांत अशा किती रात्री मी पलंगाच्या कडेवर काढल्या, त्याचा हिशेब माझ्या बायकोकडे आहे. पहिली तीन वर्षे तर 'ॲसिडिटी' म्हणूनच उपचार चालले होते.

रोगाचे नाव कळले, तेव्हा सुटका होईल असे वाटले होते. झाले उलटेच. आमचा जिल्हा गांधीजींचा. १९७४ पासून इथे दारूबंदी आहे. ती कितपत पाळली जाते, हे वर्धेकरांना सांगायला नको. पण त्यामुळे इथे पिणारा माणूस 'लपून पिणारा' ठरतो. स्वादुपिंडाचा आजार दारूने होतो, एवढे अर्धे ज्ञान सगळ्यांना असते. मी आयुष्यात दारूला शिवलो नाही. तरी मुलीच्या लग्नाची बोलणी चालली असताना समोरच्या मंडळींनी आमच्याच शेजाऱ्याकडे चौकशी केली, "मास्तर रोज घेतात का हो?" ते स्थळ पुढे सरकले नाही. मुलगी काही बोलली नाही. तिचे ते न बोलणे मला त्या पोटदुखीपेक्षा जड गेले.

आता दुसरी बाजू. आपल्या देशभरातल्या १,०८६ रुग्णांची पाहणी २००८ साली प्रसिद्ध झाली. त्यांत दारू हे कारण असलेले रुग्ण सुमारे ३९ टक्के होते. तब्बल ६० टक्क्यांच्या आजाराचे ठाम कारण सापडलेच नाही. केरळात तर दारूचा थेंबही न घेतलेल्या तरुणांना होणारा, स्वादुपिंडात खडे करणारा आजार डॉक्टर अनेक दशकांपासून पाहत आले आहेत. पुढे हैदराबादच्या संशोधकांनी त्यामागे एका जनुकातील बदलाचा हात असल्याचे दाखवले. दारू हे मोठे कारण आहेच, पण एकमेव नाही. आणखी एक कारण माझ्याच खिशात होते. वीस वर्षे मी विड्या ओढल्या. धूम्रपानाने हा रोग होण्याचा आणि वाढण्याचा धोका वाढतो, हे आज पक्के ठाऊक आहे. गंमत पाहा, दारूची चौकशी सगळ्या गावाने केली, विडीची एकानेही केली नाही.

तर बाटलीकडे वळू. गांजा आपल्या भागाला नवा नाही. वर्धा मध्य प्रांतात होता, त्या काळी या प्रांतातला गांजा खांडव्याकडे सरकारी देखरेखीखाली पिकत असे. १८९३-९४ साली इंग्रज सरकारने नेमलेल्या आयोगाने हिंदुस्थानभर साक्षी घेऊन गांजा-भांगेचा जाडजूड अहवाल तयार केला. त्याच्याही आधी, १८३९ साली, कलकत्त्यात ओशॉनेसी नावाच्या डॉक्टरने त्याचे औषधी प्रयोग प्रसिद्ध केले होते. आयुर्वेदात भांगेला 'विजया' म्हणतात. पण आजच्या औषध नियमांत ती विषारी द्रव्यांच्या यादीत आहे, हेही लक्षात ठेवावे.

या वनस्पतीतले नशा आणणारे मुख्य द्रव्य इस्रायलमध्ये मेकूलम आणि गाओनी यांनी १९६४ साली शुद्ध रूपात वेगळे केले. मग प्रश्न पडला, की या द्रव्याचे कुलूप आपल्या शरीरात आहे, ते कशासाठी? माणसाने गांजा ओढावा म्हणून तर निसर्गाने ते बसवले नसेल! १९९२ साली उत्तर सापडले. शरीर स्वतःच त्या कुलपाची किल्ली तयार करते. डुकराच्या मेंदूतून वेगळ्या काढलेल्या या रसायनाला संशोधकांनी नाव दिले 'आनंदामाइड', आपल्या संस्कृत 'आनंद' शब्दावरून.

अशी कुलपे स्वादुपिंडातही आहेत. जर्मनीतील संशोधकांनी २००७ साली उंदरांच्या स्वादुपिंडाला मुद्दाम सूज आणली आणि या जातीचे द्रव्य टोचले. वेदना आणि सूज दोन्ही कमी झाल्या. पुढच्याच वर्षी त्यांनी जुनाट आजाराच्या रुग्णांच्या पेशी प्रयोगशाळेत तपासल्या, तेव्हा चिवट धागे विणणाऱ्या पेशी या द्रव्याने शांत होतात असे दिसले. मी हे वाचले, त्या दिवशी बाटली कपाटातून काढून दोनदा हातात धरली.

पण उंदीर म्हणजे माणूस नव्हे. नेदरलँड्समध्ये जुनाट पोटदुखीच्या ६५ रुग्णांवर चाचणी झाली. कोणाचे दुखणे शस्त्रक्रियेनंतरचे, कोणाचे माझ्यासारखे स्वादुपिंडाचे. निम्म्यांना गांज्यातल्या मुख्य द्रव्याच्या गोळ्या, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या पोकळ गोळ्या. २०१७ साली निकाल आला. सुमारे पन्नास दिवसांनंतर वेदना दोन्ही गटांत उतरली होती आणि जवळपास सारखीच उतरली होती. त्याआधी २४ रुग्णांना एकेक मात्रा देऊन पाहिले होते, तिथेही फरक पडला नव्हता. उलट, गांजा ओढणाऱ्यांना स्वादुपिंडाची तीव्र सूज आल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. अमेरिकेत या द्रव्यांची औषधे आहेत हे खरे. पण ती कर्करोगाच्या उपचारातील उलट्या, मुलांचे हट्टी फेफरे अशा मोजक्या आजारांसाठी, मोजलेल्या मात्रेत. आमच्या बाटलीत किती काय होते, हे काढणाऱ्यालाही ठाऊक नसणार. शिवाय १९८५ च्या कायद्याने गांजा बाळगणे गुन्हा आहे.

त्या चाचणीतली एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. पोकळ गोळी घेणाऱ्यांचेही दुखणे कमी झाले. का? यात अनेक कारणांचा भाग असेल. मला मात्र वाटते, की कोणीतरी त्यांना रोज विचारत होते, आज किती दुखते? आणि सांगितलेला आकडा खोटा न मानता लिहून घेत होते.

मला उतार पडला तो साध्या गोष्टींनी. विडी सुटली. जेवणाबरोबर पाचक विकरांच्या कॅप्सूल सुरू झाल्या. त्या डुकराच्या स्वादुपिंडापासून करतात हे कळल्यावर आमच्या घरात दोन दिवस चर्चा झाली आणि मग आईनेच पाण्याचा पेला पुढे केला. नलिकेतला खडा फोडून घेतला. दुखणे गेलेले नाही. महिन्यातून एखादी रात्र अजून पलंगाच्या कडेवर जाते. पण वजन चार किलोंनी वाढले आहे.

बाटली मी मोरीत ओतली. पुढल्या आठवड्यात आतेभावाचा फोन आला, "गुण आला का, दादा?" मी खरे ते सांगितले. तो जरा गप्प झाला. मग म्हणाला, "रात्री दुखलं तर फोन करत जा. मी जागाच असतो, ओलिताची लाइन रात्रीच येते."

तेव्हापासून तशा रात्री मी आर्वीला फोन लावतो. तो मोटर सुरू करून बांधावर बसलेला असतो. पाण्याचा आवाज येतो, आणि तो आधी विचारतो, "आज किती आहे?"