तंटा मिटविण्याचे शिक्षण

१९५३ साली दुर्गाबाई देशमुख चीनच्या दौऱ्यावरून परतल्या, तेव्हा तेथील कुटुंब न्यायालयांची पद्धत त्यांच्या मनात भरली होती. संसारातील भांडणांसाठी भारतातही वेगळी न्यायालये असावीत, हा विचार त्यांनी न्यायमूर्ती छगला, न्यायमूर्ती गजेंद्रगडकर आणि पंडित नेहरू यांच्याशी बोलून दाखविला. प्रत्यक्ष कायदा होण्यास १९८४ साल उजाडले. त्याखाली देशात जी पहिली न्यायालये निघाली, त्यांत जयपूरच्या न्यायालयाची गणना होते. या कायद्याच्या नवव्या कलमाने समेटासाठी प्रयत्न करण्याचे कर्तव्य न्यायाधीशावर सोपविले, सहाव्याने समुपदेशकांची तरतूद केली, आणि तेराव्यानुसार वकील उभा करणे हा पक्षकाराचा हक्क उरला नाही. समेट कोणी घडवावा हे अशा रीतीने ठरले. ती विद्या कोठे शिकावी, हे मात्र ठरले नाही. विधी महाविद्यालयांत दावा लढविण्याचे शिक्षण मिळत असे, आणि ते घेतलेलाच माणूस पुढे तडजोडीच्या मेजाशी बसे.

ही उणीव भरून निघण्यास बराच काळ लागला. दिवाणी प्रक्रिया संहितेचे ८९ वे कलम १ जुलै २००२ पासून नव्याने अमलात आले. चालू दावा लवाद, समेट, लोकन्यायालय किंवा मध्यस्थी यांपैकी एखाद्या मार्गाकडे वळविण्याची मुभा त्यामुळे न्यायालयास मिळाली. यातील लवाद निवाडा देतो, मध्यस्थ देत नाही. हा भेद सामान्य बोलण्यात नेहमी पुसला जातो, म्हणून तो येथे सांगितलेला बरा. भारतीय विधिज्ञ परिषदेने २००८ च्या नियमांनी पर्यायी वादनिवारण हा विषय कायद्याच्या पदवीसाठी सक्तीचा केला, आणि २०२३ साली स्वतंत्र मध्यस्थी अधिनियम संमत झाला.

आता जयपूरचा एखादा पदवीधर हा विषय पुढे शिकू इच्छितो असे समजू. शहरातच राजस्थान विद्यापीठाचा विधी विभाग आहे. जोधपूरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठात किंवा तशाच अन्य विद्यापीठात जायचे, तर सामाईक प्रवेश परीक्षा द्यावी लागते. तिच्या पदव्युत्तर परीक्षेसाठी कायद्याच्या पदवीत ५० टक्के गुण लागतात. अनुसूचित जाती, जमाती आणि दिव्यांग उमेदवारांस ४५ टक्के पुरतात. दोन तासांत १२० प्रश्न सोडवायचे असतात, आणि चुकलेल्या उत्तरामागे पाव गुण कापला जातो. निकालपत्रांतील उतारे वाचून उत्तरे देण्याची ही कसोटी बुद्धीची खरी; उमेदवाराला दुसऱ्याचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकून घेता येते की नाही, हे मात्र तीतून कळत नाही. ज्यांच्याजवळ कायद्याची पदवी नाही, त्यांना पदविकेचा मार्ग मोकळा आहे. हैदराबादच्या नालसार विद्यापीठाची या विषयातील पदव्युत्तर पदविका दूरशिक्षणाने घेता येते. दिल्लीच्या भारतीय विधी संस्थेतही अशी पदविका आहे. परदेशात अमेरिकेतील मिसूरी विद्यापीठाने १९९९ साली वादनिवारणाची खास पदव्युत्तर पदवी सुरू केली. तिकडील अर्जांत बहुधा स्वतःच्या हेतूविषयी निबंध मागतात. ‘मला लोकांना सल्ला द्यायला आवडते’ असे त्यात लिहिणाऱ्याने आपण कोणत्या विद्येसाठी अर्ज करीत आहोत याचा विचार केलेला नाही, असे खुशाल समजावे.

कारण येथे सल्ला देण्याची सवयच आधी मोडावी लागते. वर्गात कल्पित भांडणे रचून विद्यार्थ्यांना पक्षकार आणि मध्यस्थ बनविले जाते. जोहरी बाजारातील दोन भाऊ घ्या. रत्ने घासण्याचा कारखाना आणि पेढी वडिलांची. थोरला म्हणतो पेढी माझी, धाकटा म्हणतो अर्धी भिंत घालून द्या. नवखा विद्यार्थी लगेच वाटणीचा नकाशा काढू लागतो. जरा मुरलेला विद्यार्थी दोघांना वेगवेगळे बसवून विचारतो, तेव्हा कळते की थोरल्याला पाटीवरचे वडिलांचे नाव पुसले जाण्याची धास्ती आहे आणि धाकट्याला मुलीच्या लग्नासाठी वर्षभरात रोकड हवी आहे. मागणी एक आणि गरज दुसरी, हा भेद रॉजर फिशर आणि विल्यम युरी यांच्या १९८१ च्या पुस्तकामुळे जगभर परिचित झाला. पण तो वाचणे सोपे आणि वेगळ्या बैठकीत ऐकलेले गुपित दुसऱ्यासमोर चेहऱ्यावरही उमटू न देणे कठीण. जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरविणाऱ्या दलालाला हे जमते. पदवीधरास ते शिकवावे लागते.

याहून अवघड भाग पुढे आहे. नवऱ्याच्या मारहाणीला भिऊन सही करणाऱ्या स्त्रीची तडजोड कागदावर तडजोडच दिसते. सगळीच भांडणे मिटविण्याजोगी नसतात. फसवणूक किंवा दडपशाही यांचे गंभीर आरोप असलेले दावे आणि फौजदारी खटले सामान्यतः या मार्गाने जाण्यास योग्य नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली अ‍ॅफकॉन्स प्रकरणात सांगितले. प्रकरण कोणत्या क्षणी न्यायालयाकडे परत पाठवावे हे ओळखता आले नाही, तर मध्यस्थाचे गोड बोलणे बलवानाच्याच पदरात माप टाकते. अभ्यासक्रमांत या भागाला मिळणारा वेळ थोडा आहे.

पदवी हाती आली म्हणून मध्यस्थाची खुर्ची लगेच मिळते असेही नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या मध्यस्थी समितीने चाळीस तासांचे प्रशिक्षण ठरविले आहे. ते वेगळे घ्यावे लागते. २००५ च्या सालेम वकील संघटनेच्या निकालात विचारात घेतलेल्या नमुना नियमांत तर वकिलांसाठी पंधरा वर्षांच्या व्यवसायाची अट होती. पंचविशीतल्या पदवीधराला ही वाट लांब वाटणारच. मधल्या काळात जयपूरला करण्याजोगे काम पुष्कळ आहे. राज्य विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय याच शहरात आहे. व्यापारी दावा तातडीच्या मनाईची मागणी नसेल तर मध्यस्थीचा प्रयत्न केल्याखेरीज दाखल करता येत नाही, असे २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरविल्यापासून अशा प्राधिकरणांकडे येणाऱ्या अर्जांची छाननी करणे, पक्षकारांना पत्रे पाठविणे, बैठकांच्या तारखा जुळविणे ही कामे असतातच. पक्षकारांनी संमती दिली, तर अनुभवी मध्यस्थाशेजारी निरीक्षक म्हणून बसावयास मिळते. तेथे त्याने एक शब्दही बोलायचा नसतो.