सर्टिफिकेट भिंतीवर लागलं, पण खुर्चीवर काय बदललं?

या आठवड्याचा व्हिडिओ मुरगूडसारख्या गावात स्वतःचा दातांचा दवाखाना चालवणाऱ्यांसाठी आहे. त्यात घाईत सांगितलेला हिशोब इथे नीट मांडतो.

शनिवारी दवाखाना बंद ठेवून तुम्ही कोल्हापूरला वर्कशॉपला जाता. समजा, फी ४,००० रुपये, जाणं-येणं ५०० आणि बुडालेला धंदा ६,०००. झाले १०,५०० रुपये. हे वसूल कुठे झाले?

तुम्ही म्हणाल, "क्रेडिट पॉइंट मिळाले की!" बरोबर आहे, कौन्सिलला ते लागतात. पण पॉइंट म्हणजे हजेरी. रोजगार बुडवून तुमच्याकडे आलेल्या पेशंटला तुमच्या हजेरीचा काय उपयोग?

नुसतं ऐकून किती फरक पडतो?

आरोग्यसेवेतल्या लोकांच्या अशा प्रशिक्षणांवर कोक्रेन या संस्थेने २००९ मध्ये ८१ चाचण्या एकत्र तपासल्या. अपेक्षित पद्धतीने काम करण्याचं प्रमाण साधारण ६ टक्क्यांनी वाढलेलं दिसलं. म्हणजे फायदा आहे, पण थोडा. व्याख्यानाबरोबर चर्चा आणि सराव असेल तर जास्त. अवघड सवयी मात्र सहजासहजी सुटत नाहीत.

मग काय चालतं?

स्वतःचा आकडा समोर येणं. स्कॉटलंडमध्ये ७९५ डेंटल प्रॅक्टिसवर एक चाचणी झाली, तिचा निकाल २०१६ मध्ये आला. डेंटिस्टना त्यांनी स्वतः किती अँटिबायोटिक लिहून दिली, त्याचा आलेख पाठवला. ज्यांना आलेख मिळाला नाही त्यांच्या तुलनेत प्रमाण ५.७ टक्क्यांनी घटलं. ना हॉल, ना जेवण, ना सर्टिफिकेट!

आपल्याकडे हे कसं करायचं?

आपल्या भागातलंच उदाहरण घेऊ. निपाणीचा तंबाखू पट्टा शेजारी, घराघरांत मिश्री. समजा तुम्ही तोंडाच्या कॅन्सरच्या तपासणीचा कोर्स करताय.

१. जाण्याआधी: शेवटचे २० केसपेपर काढा. तंबाखू-मिश्रीबद्दल विचारल्याची आणि जीभ, गालाची आतली बाजू तपासल्याची नोंद कितींवर आहे? आकडा लिहून ठेवा.

२. कोर्समध्ये: दहा गोष्टी ऐका, पण सोमवारपासून करायची एकच गोष्ट ठरवा. शंका तिथेच विचारा.

३. सोमवारी: असिस्टंटला १५ मिनिटं समजावून सांगा. केसपेपरवर या नोंदीसाठी चौकट छापून घ्या. लक्षात ठेवणं चौकटीवर सोपवा.

४. तीन महिन्यांनी: पुन्हा २० केसपेपर मोजा. कागल किंवा गडहिंग्लजच्या एखाद्या डॉक्टर मित्राशी आकड्यांची अदलाबदल करा. पेशंटची नावं दाखवू नका. सहकाऱ्याने सांगितलेलं, वारंवार सांगितलेलं आणि ठरलेल्या लक्ष्याशी जोडलेलं जास्त लागू पडतं, हेही कोक्रेनच्याच २०१२ च्या अभ्यासात दिसलं.

आता वसुली बघा

आकडा ४ वरून १५ वर गेला, तर १०,५०० रुपये कामी आले. दाढ काढायला आलेल्या मावशींच्या गालातला पांढरा चट्टा किंवा दोन-तीन आठवडे न भरलेली जखम वेळेत दिसली आणि त्यांना पुढच्या तपासणीला पाठवलं, तर ती वसुली रुपयांत मोजायचीच नाही. आकडा ४ वरच राहिला, तर पुढच्या वर्षी तोच हॉल, तीच फी भरू नका. सराव करून घेणारा कोर्स शोधा.

आज दवाखाना बंद करण्याआधी २० केसपेपर मोजा आणि फक्त आकडा कमेंटमध्ये लिहा. तीन महिन्यांनी मी परत विचारणार आहे!