दांताच्या टोपीची उघडी कड



आरशांत पाहतांना टोपी बसविलेल्या पुढच्या दांताच्या मुळाशीं काळसर रेघ दिसूं लागली, म्हणजे मनुष्य प्रथम घाबरतो आणि मग तोंडावर हात धरून हंसावयास शिकतो. दांत किडला, कीं दंतवैद्यानें टोपीच वाईट बसविली? पुष्कळदां दोन्ही शंका खोट्या असतात.

धातूच्या पातळ टोपीवर पोर्सेलीनचा थर भाजून चढविण्याची रीत १९६२ सालच्या अमेरिकन पेटंटांनंतर सर्वत्र पसरली. मजबुतीसाठीं आंत धातु, रूपासाठीं वर पोर्सेलीन. टोपीची कड हिरडीखालीं लपविलेली असे. परंतु हिरडी कांहीं भिंत नव्हे. ती जिवंत आहे व मागें सरते. ती सरली कीं धातूची किनार आणि तिच्याखालचें मूळ, दोन्ही उघडीं पडतात. झिर्कोनियाच्या टोपीस काळी किनार नसते, पण मुळाचा पिवळेपणा तेथेंही लपत नाहीं.

मला चिंता वाटते ती रेघेची नव्हे, त्या मुळाची. दांताच्या वरच्या भागावर एनॅमलचें कठीण कवच असतें, मुळावर तें नसतें. ज्या सौम्य आम्लास एनॅमल दाद देत नाहीं, त्यानेंही मूळ विरघळूं लागतें, आणि टोपीच्या सांध्यांत कीड शिरते. दांताची नस काढलेली असेल तर ठणकाही लागत नाहीं. एके दिवशीं टोपी मोडक्या दांतासकट हातांत येते तेव्हांच कळतें!

म्हणून हिरडी कां सरली हें आधीं शोधावें. ताठ ब्रशाची घासाघीस, मशेरी, सांचलेलें किटण, किंवा हिरडींत फार खोल नेलेली कड, यांपैकीं कांहींही कारण असूं शकेल. किटण काढल्यावर सुजलेली हिरडी ओसरून आणखी थोडी आकसते. नव्या टोपीचें माप ती स्थिरावल्यावर, कांहीं आठवड्यांनीं घ्यावें. टाळूची त्वचा लावून हिरडी वर आणण्याची शस्त्रक्रिया आहे. परंतु हिरडी मुळास जशी धरते तशी धातूस किंवा पोर्सेलीनला धरीत नाहीं, त्यामुळें टोपी बहुधा बदलावीच लागते. रेघेवर दांताच्या रंगाचें सिमेंट भरणें स्वस्त खरें, पण तें फार दिवस टिकत नाहीं.

रेघ मागच्या दाढेवर असेल, कड घट्ट व मूळ निरोगी असेल, तर तिला हात लावूं नये. प्रत्येक वेळीं टोपी उतरवितांना खालचा दांत थोडा कमी होतो. मऊ ब्रश व फ्लोराइडयुक्त पेस्ट वापरावी, आणि तपासणीच्या वेळीं दंतवैद्यास त्या कडेवरून सळई फिरवून ती कोठें अडकते काय, हें पाहावयास सांगावें.