गेलेले आटे

बरकतपुऱ्यातील आमच्या घराच्या ओसरीवर एक जुनी मोटारसायकल उभी असते. ती आमच्या अण्णांची जावा. अण्णांनी ती १९६६ साली घेतली आणि निवृत्त होईपर्यंत, चमनाला वळसा घालून, तिच्यावरूनच ते कचेरीत गेले. यानेचेक हे झेक कारखानदार आणि वांडरर ही जर्मन कंपनी, या दोहोंची आद्याक्षरे जोडून १९२९ साली 'जावा' हे नाव सिद्ध झाले. आपल्याकडे मैसूरच्या कारखान्यातून ती १९६१ पासून बाहेर पडू लागली. तो कारखाना १९९६ साली बंद झाला. अशा गाडीचा भाग मोडला तर दुसरा सहज मिळत नाही, हे आम्ही जाणून होतो. तरीही गेल्या श्रावणात आम्ही तो आपल्याच हाताने बिघडविला. त्याची ही हकीकत.

इंजिनाच्या डाव्या अंगास क्लचचे झाकण असते. त्याखाली रोज सकाळी फरशीवर तेलाचे थेंब दिसू लागले. पाहतो तो झाकणाचा एक स्क्रू गळून पडलेला. अण्णांच्या पत्र्याच्या डब्यातून आम्ही तसाच दिसणारा एक स्क्रू शोधून काढला. तो जेमतेम अर्धा फेरा फिरला आणि अडला. मुलगा म्हणाला, "बाबा, अडतोय तर राहू द्या. मिस्त्रींना दाखवू." परंतु अडलेले दटावून पुढे ढकलण्याची मुख्याध्यापकाची सवय! आम्ही जोर लावला. स्क्रू करकरत आत गेला आणि एकाएकी हात सैल पडला. आता तो नुसताच गरगर फिरू लागला.

काचीगुड्याच्या मिस्त्रींनी स्क्रू बाहेर काढून पाहिला. त्याच्या खाचांत ॲल्युमिनियमची चकचकीत साल गुंडाळलेली होती. ते शांतपणे म्हणाले, "सर, चूडी मर गई. जबरदस्ती किए तो ऐसाइच होता."

ग्रंथांतले मळसूत्र, आपल्या घरांतले आटे आणि हैदराबादची चूडी, वस्तू एकच. आटे बळाने धरीत नाहीत, जुळणीने धरतात. जावेचा स्क्रू सहा मिलिमीटर जाडीचा, आणि त्याच्या दोन आट्यांत अंतर एक मिलिमीटर. आम्ही घातलेला स्क्रू होता पाव इंची, म्हणजे ६.३५ मिलिमीटर, त्याच्या एका इंचात वीस आटे, म्हणजे दोहोंत अंतर १.२७ मिलिमीटर. इंग्लंडात जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ साली आट्यांचे जे प्रमाण सुचविले, त्या घराण्यातला तो. शेजाऱ्यांच्या जुन्या बुलेटचे स्क्रूही अण्णांच्या डब्यात येऊन पडत. मद्रासला १९५५ पासून तयार होऊ लागलेली बुलेट इंग्रजी घडणीची, तिचे माप इंचाचे. डोळ्यांना दोन्ही स्क्रू सारखेच दिसतात. मऊ ॲल्युमिनियमच्या छिद्रात पोलादी स्क्रू दामटला की हार ॲल्युमिनियमचीच होते.

आम्हांस खरी धास्ती पडली ती पुढेच. हे छिद्र क्रँककेसमध्ये, आणि इंजिनाचा नंबरही त्यावरच कोरलेला. तो भाग बदलला तर नोंदणीच्या कागदावरला नंबर आणि गाडीवरला नंबर यांचा मेळ तुटणार. अण्णांची गाडी कागदोपत्री अण्णांची उरणार नाही.

कोणी म्हणाले, एम-सील भरा. पण तेलाने माखलेल्या आणि तापणाऱ्या जागी असले लेपण टिकत नाही. कोणी म्हणाले, अधिक जाड स्क्रू घाला. मग झाकणाचे छिद्रही वाढवावे लागणार आणि पुढच्या दुरुस्तीस जागा उरणार नाही. मिस्त्रींनी तिसरा मार्ग सांगितला : हेलिकॉइल. हे गंजरोधक पोलादी तारेचे घट्ट वेटोळे असते. विमानांच्या इंजिनांतही ते वापरतात. राणीगंजच्या हत्यारांच्या बाजारातून त्याचा संच आणला.

प्रथम तेल काढले, झाकण उतरविले आणि बुरा आत सांडू नये म्हणून आजूबाजूस चिंध्या कोंबल्या. छिद्राची खोली मोजून ड्रिलवर चिकटपट्टीची खूण केली. मग ६.३ मिलिमीटरचे ड्रिल अगदी सरळ धरून मेलेले आटे काढून टाकले. संचातल्या खास टॅपने नवे, मोठे आटे पाडले. टॅपवर रॉकेलचे थेंब सोडायचे, अर्धा फेरा पुढे न्यायचा, पाव फेरा मागे घ्यायचा, म्हणजे कीस तुटून मोकळा होतो. छिद्र स्वच्छ करून वेटोळे आत फिरविले. ते छिद्रापेक्षा किंचित मोठे असते. दाबून आत जाते आणि सुटले की फुलून भिंतीस घट्ट बसते. त्याचे टोक पृष्ठभागाच्या पाव फेरा खाली राहिले पाहिजे. शेवटी तळाशी असलेली तारेची शेपटी तोडून आठवणीने बाहेर काढली. ती आत राहिली तर दात खाईल.

आता आतले आटे पुन्हा सहा मिलिमीटरचेच, पण पोलादाचे. ॲल्युमिनियमची पकडही पूर्वीपेक्षा रुंद झाल्यामुळे ही जागा मूळच्याहून मजबूत झाली. योग्य मापाचा स्क्रू मिस्त्रींनी बोटांनीच बराच आत नेला आणि स्क्रू-ड्रायव्हर आमच्यापुढे धरला. आम्ही तो मुलाच्या हाती दिला. त्याने समोरासमोरचे स्क्रू आळीपाळीने, थोडे थोडे आवळले आणि हाताला घट्ट लागताच तो थांबला.

दुसऱ्या दिवशी फरशी कोरडी होती. त्या रविवारी आम्ही दोघांनी अण्णांचा डबा ओसरीवर ओतला, मापपट्टी घेऊन बसलो आणि दोन डबे केले. एकावर मुलाने लिहिले 'मिलिमीटर', दुसऱ्यावर 'इंच'. अक्षर त्याचे आमच्याहून बरे आहे.