गाणं तेच, गोष्ट बदलली



नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ २०१६ साली आला. दोन वर्षांनी त्यावरून हिंदीत ‘धडक’ निघाला. दोन्हीकडे गाणी अजय-अतुल यांचीच. ‘झिंगाट’ तिकडेही वाजलं. मग फरक कुठे पडला?

‘सैराट’मधली आर्ची पाटलांची. बुलेट चालवते, ट्रॅक्टर चालवते. परशा मासेमारी करणाऱ्या घरातला. आर्चीचा भाऊ भर वर्गात शिक्षकांवर हात उगारतो, तेव्हाच गावात कुणाचं चालतं हे कळतं. ‘धडक’ उदयपूरला गेला. वाडे, तलाव, कपडे, सगळं देखणं. जातीचा विषय मात्र ओझरता येतो.

शेवटही बदलला. ‘सैराट’मध्ये माहेरची माणसं आईनं पाठवलेल्या वस्तू घेऊन येतात. आर्ची त्यांना चहा करते. त्यानंतर दोघांचा खून होतो. तिथे संगीत पार थांबतं. उरतात लेकराची रक्ताळलेली पावलं. ‘धडक’मध्ये नवरा आणि बाळ जातं, मुलगी जिवंत राहते. दुःख तिथेही आहे, पण हे कशामुळे झालं, ते धूसर राहतं.

वरातीत आपण ‘झिंगाट’वर नाचतो. नाचूया की! पण शेवट विसरू नका. सज्ञान मुलीला जोडीदार निवडायचा हक्क कायद्यानं आहे. कुणाची लेक मनानं लग्न करून गेली, तर तिच्याशी बोलणं तोडू नका. घरात कुणी ‘त्यांना सोडणार नाही’ म्हणत असेल, तर गप्प बसू नका. ११२ वर फोन करा.