झोपलेल्या बाळाचा ढेकर

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या एका वाचक भगिनीचा प्रश्न आला आहे. बाळ सव्वा महिन्याचं. रात्री दोन-अडीचला उठतं, दहा-पंधरा मिनिटं अंगावर पितं आणि पिता पिताच गाढ झोपतं. घरातल्या मोठ्यांचं सांगणं एकच: "ढेकर काढल्याबिगर लेकरू खाली ठेवू नको." मग ही माउली बाळाला खांद्यावर टाकून अर्धा अर्धा तास थोपटत बसते. ढेकर कधी निघतो, कधी नाही. बाळ मात्र जागं होतं आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. झोपलेल्या बाळाचा ढेकर काढलाच पाहिजे का, असं त्या विचारतात.

उत्तराची सुरुवात पेठेपासून हाकेच्या अंतरावर आहे. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर जाऊन उभे राहा. समोर म्हशीची धार काढतात आणि पेला थेट हातात येतो, वर फेसाचा जाड थर. हा फेस आला कुठून? सडात फेस नसतो, तिथं निव्वळ दूध असतं. पण सड आणि पेला यांच्यात थोडं अंतर असतं. धार त्या अंतरातून जोरात येते, पेल्यातल्या दुधावर आदळते आणि जाता जाता हवा आत ओढून नेते. सगळा फेस त्या अंतराची कमाई आहे.

अंगावर पिणाऱ्या बाळाच्या बाबतीत हे अंतरच नसतं. बाळ नीट लागलं असेल तर जवळून पाहा: तोंड मोठं उघडलेलं, खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी आईच्या छातीला टेकलेली, तोंडात नुसतं स्तनाग्र नाही तर भोवतालचा काळसर भागही. ओठ असे घट्ट बसले की हवेला आत शिरायला फारशी वाट उरत नाही. दूध हवेची गाठ न पडता थेट पोटात उतरतं. बाटलीने पिताना, भुकेने रडून रडून मग प्यायला घेतल्यावर, किंवा पान्हा एकदम जोरात फुटून बाळाला ठसका लागला, तर मात्र हवा जास्त जाते. पिताना टक् टक् आवाज येत असेल तर ओठांची पकड सुटते आहे असं समजावं. तिथं थोपटण्याआधी बाळाला पुन्हा नीट लावून घेणं हा खरा उपाय.

तरी थोडी हवा जातेच. ती बाहेर कशी येते? गवंड्याच्या पाणसळीतला बुडबुडा आठवा. नळी कशीही धरा, तो वरच्याच बाजूला जातो. पोटातली हवाही तशीच. अन्ननलिका जठराला मिळते ती पाठीच्या बाजूने. बाळ उताणं असताना हवा पुढे, पोटाच्या बाजूला जमते आणि बाहेरची वाट दुधाखाली बुडते. बाळाला उभं धरलं की हवा वर, त्या वाटेपाशी येते. त्या वाटेवरची झडप क्षणभर सैल पडते आणि ढेकर निघतो. म्हणजे काम करतं ते मुख्यतः उभं धरणं. जोरजोरात थोपटण्याची गरज नाही. आणि झडप सैल पडली की हवेबरोबर थोडं दूधही वर येतं, ही गोष्ट लक्षात ठेवा.

कारण यानंतर सांगायचा आहे तो मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग. ढेकर काढण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली, बालसंगोपनाच्या पुस्तकांत छापली गेली. तिचा खरंच उपयोग होतो का, हे रीतसर तपासलं ते आपल्या देशात, चंदीगडला. रश्मी कौर, भवनीत भारती आणि एस. के. सैनी यांचा हा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. ७१ माता आणि त्यांची निरोगी बाळं. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एका गटातल्या आयांना ढेकर काढायला शिकवलं, दुसऱ्या गटातल्यांना नाही. तीन महिने नोंदी ठेवल्या. पोटदुखीने कळवळून रडण्यात लक्षणीय फरक पडला नाही आणि दूध वर येण्याचं प्रमाण ढेकर काढलेल्या बाळांत जास्त निघालं! अभ्यास लहान होता, आपण कोणत्या गटात आहोत हे आयांना कळतच होतं, त्यामुळे त्यावरून रीत मोडीत काढता येणार नाही. पण प्रत्येक आजीच्या तोंडी असलेली गोष्ट मोजून पाहावी असं या तिघांना वाटलं, याचं मला फार अप्रूप आहे. त्यांचं नाव आपल्याकडे अजून पुरेसं पोचलेलं नाही.

पिता पिता येणारी झोपही आजार नव्हे. पिण्याने बाळाच्या रक्तात कोलेसिस्टोकायनिन नावाचं संप्रेरक वाढतं, हे स्वीडनच्या केर्स्टिन उव्ह्‌नास-मोबर्ग आणि सहकाऱ्यांनी १९९३ साली चार दिवसांच्या बाळांत दाखवलं. हे संप्रेरक तृप्ती आणि गुंगी आणतं. ती झोप मोडण्याचं कारण नाही.

"ढेकर न काढता उताणं ठेवलं तर दूध श्वासात जाईल," ही भीती बहुतेक घरांत असते. उताण्या बाळाची श्वासनलिका वर आणि अन्ननलिका खाली असते. वर आलेल्या दुधाला श्वासनलिकेत शिरायला चढावं लागेल. म्हणून निरोगी बाळाला उताणंच झोपवावं. पालथं किंवा कुशीवर झोपवणं अधिक धोक्याचं आहे. ढेकर निघावा म्हणून खुर्चीत बाळाला छातीशी धरून बसलेल्या आईचा डोळा लागणं, हा त्याहून मोठा धोका.

तेव्हा ताई, बाळ पिऊन झोपलं, मुठी सैल सुटल्या, चेहरा निवांत असला, तर त्याला उठवू नका. चुळबुळ करत असेल, पाय पोटाशी घेत असेल, तर पाच मिनिटं खांद्याशी उभं धरा. ढेकर आला तर आला, नाही तर नाही. उलटी हिरवी किंवा रक्ताची असेल, दूध दर वेळी जोरात फेकलं जात असेल, वजन वाढत नसेल, तर लगेच डॉक्टरांना दाखवा. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना एक विनंती: रात्री बाळ उठलं, की पाजून झाल्यावर त्याला खांद्यावर तुम्ही घ्या. बाळंतिणीला झोपू द्या. तिची झोपही बाळाच्या दुधाइतकीच जपायची गोष्ट आहे.