तुटायचं कुठे, हे आधी ठरवायचं

सॉल्ट लेक सिटीतल्या एका वर्कशॉपमध्ये टेबलावर गाडीच्या मागच्या अ‍ॅक्सलचा शाफ्ट ठेवला होता. अशा शाफ्टच्या टोकाला स्प्लाइन असतात, म्हणजे डिफरन्शियलच्या गिअरमध्ये घट्ट बसणाऱ्या बारीक, सरळ खाचा. या शाफ्टवरच्या खाचा सरळ राहिल्या नव्हत्या; सगळ्या एकाच अंगाला पिळवटल्या होत्या. शाफ्ट तुटला नव्हता, पण पोलाद एकदा असं वळलं की पुन्हा सरळ होत नाही. पुढच्या एखाद्या चढावर तो दगा देणार हे नक्की होतं.

शाफ्ट माझ्या मावसभावाच्या ट्रकचा. १९७५ सालचा शेवरोले के-१०, पुढे ‘डाना ४४’ अ‍ॅक्सल, मागे जनरल मोटर्सचा १२ बोल्टचा. शेतावरच्या आणि बर्फातल्या कामासाठी बांधलेला हा ट्रक त्याच्या मूळच्या साधारण ३० इंची टायरवर वर्षानुवर्षं चालतो. मावसभावाला मात्र तो यूटामधल्या मोआबच्या खडकांवर न्यायचा होता, तेही ४० इंची टायर लावून. “दादा, टायर कुठलाही पैसेवाला घेतो. त्या टायरचा भार कोण सोसणार, हे आधी ठरवावं लागतं,” तो म्हणाला.

टायर मोठा झाला की नेमकं काय होतं? पान्ह्याचा दांडा लांब असला की नट जास्त जोरात पिळता येतो; तसाच टायर मोठा झाला की खडक त्याच्या कडेवरून शाफ्टला जास्त पिळतो. एका चाकावर १,००० किलो वजन आहे आणि टायर कोरड्या वालुकाश्मावर पक्का धरतो आहे, असं समजू. ३० इंची टायर घसरण्याआधी शाफ्टवर सुमारे ३,७०० न्यूटन-मीटर पीळ येतो, ४० इंचीला तोच सुमारे ५,००० होतो. इंजिन तेच, वजन तेच, तरी शाफ्टवरचा ताण एक तृतीयांशाने वाढला.

इतका पीळ इंजिन देऊ शकेल का, ही शंकाच नको. पहिला गिअर ६.५५, ट्रान्सफर केसचा (पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलला ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीचा) लो रेंज सुमारे २ आणि अ‍ॅक्सलचा नंतर ठरलेला ४.८८ चा रेशो यांचा गुणाकार साठाच्या वर जातो. इंजिनाचे ३०० न्यूटन-मीटर चाकांपाशी १८,००० च्या वर होऊन पोचतात. डिफरन्शियल लॉक असेल आणि एक चाक हवेत लटकत असेल, तर त्या अ‍ॅक्सलचा सगळा पीळ उरलेल्या एका शाफ्टवर येतो. सर्वांत वाईट क्षण वेगळाच. गरगर फिरणारं जड चाक अचानक खडकाला पकडतं, तेव्हा त्याच्या फिरण्यात साठलेली सगळी शक्ती एका झटक्यात शाफ्टमध्ये उतरते. पीळ सावकाश वाढला तर पोलाद सोसतं, अशा झटक्याने मोडतं.

म्हणून पहिला प्रश्न शाफ्टच्या जाडीचा. पीळ सोसण्याची ताकद व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. डाना ४४ चा ३० खाचांचा शाफ्ट १.३१ इंच जाड असतो, डाना ६० चा ३५ खाचांचा १.५ इंच. फरक जेमतेम ५ मिलीमीटर, पण ताकद दीडपट. म्हणून पुढे डाना ६० हवा होता. के-३० या एक-टनी ट्रकच्या पुढच्या डाना ६० मध्ये आतला शाफ्ट ३५ खाचांचा, पण हबमध्ये जाणारा बाहेरचा तुकडा ३० खाचांचाच असतो. तो बदलून क्रोममॉली पोलादाचा, ३५ खाचांचा घ्यायचं ठरलं.

बाजूही जुळावी लागते. ऐंशीच्या दशकातल्या फोर्डच्या डाना ६० मध्ये पिनियन, म्हणजे डिफरन्शियलच्या मोठ्या क्राउन गिअरला फिरवणारा छोटा गिअर, उंचावर असतो, त्यामुळे प्रॉपेलर शाफ्ट दगडांपासून वर राहतो. म्हणून त्याला फार मागणी. पण फोर्डचं पुढचं डिफरन्शियल डाव्या अंगाला, या शेवरोलेचं उजव्या. ट्रान्सफर केस बदलल्याशिवाय तो बसणार नव्हता, म्हणून तो विचार सोडला.

मागच्या अ‍ॅक्सलचा प्रश्न जिवाशी जोडलेला आहे. जुन्या १२ बोल्टच्या अ‍ॅक्सलमध्ये चाक थेट शाफ्टवर बसतं आणि आतल्या टोकाला छोटी सी-क्लिप शाफ्ट धरून ठेवते. शाफ्ट मोडला की चाक बाहेर निघू शकतं. फुल-फ्लोटिंग अ‍ॅक्सलमध्ये गाडीचं वजन हौसिंगवरच्या स्पिंडलवर, दोन बेअरिंगांवर तोललेलं असतं. शाफ्टने फक्त फिरवायचं. तो मोडला तरी चाक जागेवर राहतं. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपच्या मागेही असाच अ‍ॅक्सल होता. उतारावर, दरीच्या कडेला हा फरक माणसाचा जीव वाचवतो, म्हणून मला तो सगळ्या आकड्यांहून मोठा वाटतो.

मागे जनरल मोटर्सचा १४ बोल्टचा फुल-फ्लोटिंग अ‍ॅक्सल घ्यायचं ठरलं. त्याचं क्राउन व्हील १०.५ इंची, आणि पिनियनच्या नाकावरही एक बेअरिंग असतं. पिनियनला दोन्ही बाजूंनी आधार मिळाल्यामुळे जोर लागला तरी तो क्राउनपासून मागे सरकत नाही. उणीव एकच. हौसिंगचं पोट मोठं, दगडाला घासतं. त्यामुळे मोठ्या टायरने मिळवलेली उंची थोडी इथे परत द्यावी लागते.

भंगाराच्या यार्डात जुना डाना ६० तपासताना मावसभावाची घाई कुठल्या कुठे गेली. हौसिंगच्या बरगडीवर ओतलेला ‘६०’ त्याने तारेच्या ब्रशने घासून काढला. हब वरून-खालून धरून हलवला. किंगपिन ढिले असले तर तिथे खडखड होते. मग झाकण उघडून तेलात बोट बुडवलं. करडी, मऊ पेस्ट म्हणजे साधी झीज. धारदार कण लागला तर कुठला तरी दात फुटला आहे. एकेका दातावरून नख फिरवत तो सगळं क्राउन हाताने फिरवून गेला.

रेशोचं गणित सोपं आहे. जुना ३.७३ होता. टायर ३० चा ४० झाला, म्हणून ३.७३ ला चाळीसने गुणून तिसाने भागलं की ४.९७ येतं. त्याच्या अलीकडचा रेशो ४.८८, पलीकडचा ५.१३. ४.८८ म्हणजे क्राउनला ३९ दात, पिनियनला ८. हायवेवरही चालवायचं म्हणून ४.८८ घेतला, पुढे-मागे एकच. पुढचा आणि मागचा वेगळा ठेवला तर फोर-व्हील-ड्राइव्हमध्ये दोन अ‍ॅक्सल एकमेकांशी झगडतात.

कसब लागतं ते क्राउन-पिनियन बसवताना. दातांना पिवळी पेस्ट लावून पिनियन फिरवला की दात जिथे टेकतात तिथली पेस्ट पुसली जाते. डाग दाताच्या मधोमध हवा. मुळाशी सरकला तर पिनियन फार आत गेलेला, माथ्याकडे सरकला तर बाहेर. पत्र्याची पातळ शिम घालायची किंवा काढायची, बेअरिंग पुन्हा दाबायचं, पुन्हा रंग लावून बघायचं. दातांमधली मोकळीक डायल गेजवर ०.१५ ते ०.२५ मिलीमीटर असावी लागते. मेकॅनिकने हे वारंवार केलं आणि एकदाही चालेल म्हटलं नाही.

एवढं सगळं झाल्यावरही एक प्रश्न उरतोच, आणि माझ्या मते तोच खरा. आता तुटणार काय? स्टिअरिंग पूर्ण वळवून रेस दिली की पुढच्या शाफ्टमधला क्रॉस, म्हणजे सांध्यातला चार टोकांचा तुकडा, तिरका होतो आणि तो धरणाऱ्या योकच्या कानांवर ताण एकदम वाढतो. शाफ्ट भक्कम केला तर भार क्रॉसवर जातो. क्रॉस भक्कम केला तर क्राउन-पिनियनवर. साखळीत एक कडी नेहमीच सर्वांत कच्ची राहते. ती कुठली असावी, हे आपण ठरवायचं असतं. मावसभावाने ती जागा प्रॉपेलर शाफ्टच्या क्रॉसला दिली. तो गाडीखाली आडवं होऊन, साध्या पान्ह्यांनी बदलता येतो, आणि सुटा क्रॉस डब्यात सोबत ठेवता येतो. डोंगरात हौसिंगमधला दात फुटला तर तिथे काहीच करता येत नाही.

आपल्याकडे रस्त्यावरच्या गाडीत मनाने असे बदल करायला कायदा परवानगी देत नाही, आणि ते योग्यच आहे. पण सह्याद्रीत चिखलातून जुनी जीप काढणाऱ्यालाही हाच विचार उपयोगी पडतो. आधी टायर, मग जमीन, मग आपला पाय रेसवर किती जड आहे हे प्रामाणिकपणे बघावं आणि त्यावरून अ‍ॅक्सल निवडावा. ताकद विकत मिळते. ती कुठे थांबवायची हा निर्णय मात्र चालवणाऱ्यानेच घ्यायचा, आणि तो घराबाहेर पडण्यापूर्वीच.